चुनखडीच्या उतारावरचा दगडोबा

मी भिंतीला गोवऱ्या थापत होते. खरं सांगायचं तर एकच गोवरी तीनदा थापली, कारण भिंतीपलीकडं माझा चुलतदीर दगडोबा आणि त्याची बायको केशरबाई भांडत होते. असलं भांडण अर्धवट ऐकून घरी गेले, तर मला दिवसभर अन्न गोड लागत नाही.

"तिला सोडा, न्हायतर मला सोडा," केशर म्हणाली.

"तिला कशी सोडू? तुझ्या आधीपासनं हाय ती माझ्याकडं."

"तिच्यापायी हात मोडला ना तुमचा? आन् प्लास्टर निघालं की परत तिच्यासंगंच जानार?"

"तिची काय चूक त्यात? उतारावर म्याच तिला एकदम आवळली."

माझ्या हातातलं शेण पायावर पडलं. दगडोबाचा हात प्लास्टरमध्ये होता हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. पण तो तर म्हणाला होता, गोठ्यात घसरलो! आता मला सगळं उलगडलं. रोज सकाळी दुधाच्या निमित्तानं खाली ईट गावाला जातो, तिथं याची कुणीतरी आहे, आणि ती बाई हात मोडण्याइतकी जोरकस आहे.

ही बावीस वर्षांमागची गोष्ट. मी हापशावर गेले, घागर भरेपर्यंत चौघींना सांगितलं, आणि कुणाला सांगू नका असंही सांगितलं. शाळेत मी दुसरीपर्यंतच गेले, पण बातमी पोचवण्यात मला कुणी नापास केलं नाही. चौथ्या दिवशी ती केशरच्या माहेरी, बेंबळीला पोचली. पाचव्या दिवशी तिचा भाऊ रणधीर दोन माणसं घेऊन दगडोबाच्या अंगणात उभा.

"कोण हाय ती? म्होरं आना तिला."

दगडोबा आधी गोंधळला. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. मी पदर तोंडात धरून तुळशीकडं बघत होते. तो गोठ्यात गेला आणि एका हातानं ढकलत त्याची काळी सायकल घेऊन आला.

"ही बघा ती. इच्यावरनंच पडलो. लोक हसतील म्हणून गोठ्याचं नाव सांगितलं."

केशर हसता हसता उंबऱ्यावरच बसली. रणधीरनं मिशीला हात लावला आणि चहा मागितला. चहा मी केला. तेवढं तरी करायला नको का माणसानं?

चहा पिताना भावासमोर केशरनं निकाल लावला. "चालवा सायकल. पन परत जर पडलात, तर त्याच दिवशी बंद. न्हाय म्हनायचं न्हाय."

दगडोबानं जरा वेळ प्लास्टरकडं बघितलं. "बंद," तो म्हणाला. "पन त्या दिवसाचं दूध पोचवून."

आमच्या वस्तीचं दूध पोचवणं काय असतं ते सांगते. आमची अकरा घरं डोंगरावर. घरटी एक-दोन म्हशी. खाली नऊ किलोमीटरवर ईट, तिथं अमरसिंहाची खव्याची भट्टी. मधला माळ चुनखडीचा. रस्त्यावर हरभऱ्यापासून लिंबापर्यंत सगळ्या मापाच्या पांढऱ्या गोट्या. पायाखाली आल्या की माणूस म्हणेल तिकडं जात नाही, गोट्या म्हणतील तिकडं जातो. एक उतार तर असा की शेळ्यासुद्धा जरा थांबून विचार करतात.

दगडोबा लग्नाआधी एका मास्तरांच्या रानात दोन पावसाळे राबला, त्याबद्दल त्यांनी त्याला ती सायकल दिली. सीटमागच्या कॅरेजच्या दोन्ही अंगाला दुधाचे दोन कॅन अडकवून तो निघायचा. पहिल्या आठवड्यात ईटला पोचेपर्यंत खडखडाटानं दूध घुसळून वर लोणी आलं. भट्टीवरची माणसं म्हणाली, "ताक कुठं ठिवलं?" तेव्हापासून कॅन गळ्यापर्यंत भरल्याशिवाय तो हलत नसे. आत जागाच नाही, तर दूध हलणार कुठं? माझं दूध पावशेर कमी आलं की तो दारात उभा.

"वयनी, च्याला जास्त काढलं व्हय?"

"म्हैस आटली भावजी."

"मिशीला साय लागलीया म्हशीच्या," माझ्या ओठाकडं बघून म्हणायचा, आणि मी तोंड पुसत आत जायचे.

पडायचं नाही म्हटल्यावर त्यानं सायकलीचा अभ्यासच मांडला. चाकात हवा जरा कमी ठेवायची. उतारावर सीटवरनं उठायचं, गुडघे सैल सोडायचे. पुढच्या ब्रेकला बोट लावायचं नाही. नजर चाकापाशी नाही, दहा हात पुढं. पाऊस झाला की चुनखडीवर साबणासारखा चिखल होतो, तेव्हा उतरून चालायचं आणि त्याची लाज धरायची नाही. घरी आला की केशर म्हणायची, "कोपर दाखवा." हा दोन्ही कोपरं दाखवायचा, मग गुडघे. मग भाकरी. एकवीस वर्षं असं चाललं. अमरसिंह दोन वर्षांपासून म्हणत होता, टेम्पो वर धाडतो. दगडोबा म्हणायचा, धाडा की, म्या पडल्यावर.

आणि मग त्याला मी पाडलं.

गेल्या हिवाळ्यात माझी कवळी तयार झाल्याचा ईटहून निरोप आला. सात महिने मी भाकरी दुधात कुस्करून खात होते, मला धीर नव्हता. नातू मोटारसायकल घेऊन भूमला गेलेला. मी सकाळीच दगडोबाच्या दारात जाऊन उभी राहिले.

"भावजी, मला कॅरेजवर घ्या."

"वयनी, दोन कॅन हायत."

"त्यांच्या मधी बसते. माझं वजन ते काय!"

दगडोबानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. भला माणूस, काही बोलला नाही. केशर मात्र म्हणाली, "अक्का, टायरला तरी इचारा." मी ऐकलं नाही. कवळीशिवाय मला नीट भांडताही येत नव्हतं, नुसतं बसूनच दाखवलं.

माळावर गाडी झकास चालली. उतार आला तशी दगडोबानं ताकीद दिली, "वयनी, दोनी हातानं सीट धरा. हलू नगा. बोलू बी नगा."

बोलले नाही. पण खालून चौघं पोरं-पोरी वर येत होती, पुण्याकडची. डोक्यावर टोपडी, अंगाला चिकटलेले कपडे, आणि जाड टायरच्या भारीतल्या सायकली हातात धरून ढकलत होती. त्यांना ग्रॅव्हल बाईक म्हणतात, खडीच्या रस्त्यासाठी मुद्दाम केलेल्या. आमच्याकडं सगळे रस्ते खडीचेच, म्हणून आम्ही सायकलीला सायकल म्हणतो.

त्यातली एक पोरगी ओरडली, "अरे, बघा बघा, आजोबा चालवत खाली येतायत! मागं आजीपण आहेत!" आणि तिनं मोबाईल आमच्याकडं रोखला.

आता फोटो निघणार म्हटल्यावर मी एक हात सोडला आणि डोक्यावरचा पदर नीट करायला वळले.

पुढचं मला नीट सांगता येत नाही, कारण मी पाठमोरी होते. उठून बसले तेव्हा एक कॅन आडवा झाला होता आणि दूध पांढऱ्या गोट्यांतून खाली चाललं होतं. दुसरा कॅन दगडोबानं पोटाशी धरलेला. त्याचा गुडघा सोलला होता, आणि कोपरही.

पोरगी धावत आली. "आजी, लागलं का? मी हर्षाली. सॉरी, मी शूट करत होते म्हणून…"

"मला काय होतंय गं, मी मऊ भागावर पडले. त्यांना बघ."

तिनं दगडोबाची जखम धुतली, पट्टी लावली. तिच्याबरोबरचे म्हणाले, काका, या उतारावर आम्ही दोनदा पडलो, तुम्ही किती वेळा? दगडोबा म्हणाला, "दुसरी येळ." आणि सायकलीचं वाकडं झालेलं हँडल दोन पायांत चाक धरून सरळ करायला लागला.

ती पोरं वर गेली. मी जवळ सरकले. मला माहीत होतं, या माणसाचं एवढं एकच सुख आहे, आणि ते मी एका पदरासाठी गोट्यांवर सांडलं.

"भावजी, केशरला सांगू, म्हशीनं ढुशी दिली. म्या कुनाला बोलायची न्हाय."

दगडोबा असा हसला की त्याला गुडघा धरून खाली बसावं लागलं. "तुमी? वयनी, तुमी बोलनार न्हाय?" मलाही हसू आलं. दात नसलेलं हसू, फार वाईट दिसतं. हसून झाल्यावर डोळे पुसले दोघांनी.

"न्हाय वयनी," तो म्हणाला. "कोपर दाखवायचंच हाय. चला, दुधाला ऊन लागतंय."

तोल राहावा म्हणून त्यानं रिकाम्या कॅनमध्ये चुनखडीच्या गोट्या भरल्या, दोन्ही कॅन अडकवले आणि टांग मारली. मला बस म्हणाला नाही, मीही बसते म्हणाले नाही. उरलेला उतार तो नेहमीसारखाच उतरला, सीटवरनं उठून, गुडघे सैल सोडून. मी मागनं चालत, बसत, स्वतःला शिव्या देत ईटला पोचले.

मी भट्टीवर गेले तेव्हा त्याचं दूध मोजून झालं होतं. अमरसिंह विचारत होता, "आज एकच?"

"एक सांडला. उद्यापासनं टेम्पो धाडा वर. अकरा घरं हायत, सातच्या आत आला पायजे. आन् कॅन गळ्यापर्यंत भरून घ्यायला सांगा डायवरला."

दगडोबानं गोट्या बाहेर ओतल्या. दोन्ही कॅन गरम पाण्यानं विसळले, पहिलं पाणी दारातल्या कुत्रीपुढच्या मातीच्या परळात टाकलं, उपडे करून थेंब गळेपर्यंत उभा राहिला. झाकणं वास घेऊन बघितली. कॅन कॅरेजला अडकवले, पाठीमागचं चाक दाबून हवा बघितली आणि "येतो" म्हणून सायकल हातात धरून चालत निघाला.