लेकीचा नंदी

नळाचं पाणी भरलं, चूल सारवली आणि फळीवरचा लाकडी नंदी पुसून लेकीच्या हाती दिला. सत्तरच्या दशकातली, पोळ्याची ती सकाळ. तिचे बाबा त्याच उन्हाळ्यात गेले होते. नंदी त्यांनीच तिच्यासाठी कोरला होता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलं लाकडी नंदी ओढत घरोघर फिरतात, त्या तान्ह्या पोळ्याचा कार्यक्रम शाळेत आदल्या दिवशीच होता. थोर व्यक्तींच्या वेशात यायचं होतं, म्हणून लेक पुठ्ठ्याची तलवार घेऊन झाशीची राणी झाली.

दारातच शिक्षिकेनं अडवलं. "अवं बाई, नंदी पोरायचा असते. हिले आरतीचं ताट द्या."

लेक म्हणाली, "राणीले घोडा चालते, मंग मले बैल काहून नाही?"

शिक्षिका हसल्या आणि लेकीकडचा नंदी घेऊन माझ्या हातात दिला.

आज दुपारी नातीच्या शाळेची सूचना फोनवर आली. मुलांनी नंदी आणावेत, मुलींनी सजवलेलं ताट. मैत्रिणींनो, इतक्या वर्षांत आपल्या मुलींना फक्त पुठ्ठ्याची तलवारच मिळाली का?

त्या वर्षी, शाळेतल्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी, गांधीबागेतल्या आमच्या गल्लीत तान्हा पोळा होता. मी नंदीच्या चाकांना तेल लावलं, दोरी लेकीच्या हातात दिली आणि तिच्यासोबत घरोघर फिरले.