कोऱ्या ओळी

हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरसाठी आम्ही लिहितो तो कोड आता एकाच वळणाचा दिसतो, मग लिहो कुणीही. नियम कडक झालेत, चुकलेली मांडणी मशीनच नीट करतं. त्यावरून होणारी रोजची भांडणं मिटली, हे खरंच. पण निवृत्त झालेल्या सुनंदाताई औषधाचा डोस मोजणाऱ्या भागाआधी चार-पाच ओळी कोऱ्या सोडायच्या. "इथे थांबायचं, मग हात लावायचा," म्हणायच्या. आज मशीनने त्या ओळी काढून टाकल्या. रिकाम्या जागेतही कुणाची तरी काळजी असते, हे त्याला कोण सांगणार?

"किती स्वच्छ दिसतंय ना, सर!" शेजारच्या टेबलावरची केतकी म्हणाली. स्वच्छ तर होतंच. तिचं बोट माउसवर फिरत राहिलं, आणि डोसचा हिशेब न थांबता वर सरकून गेला.