चुकीचा आकडा कर्नलचा, मेमो सुजाताला

पाटणकर साहेबांनी सुजाताला नाहक अडकवलं. सरळ लिहितो, कारण तेव्हा खोलीत तिसरा माणूस मीच होतो.

सुजाता बदलापूर गावातली. अंबरनाथच्या एका औषध कारखान्यात प्रोबेशनवर प्रोग्रामर. बाटल्यांवरची लेबलं कॅमेऱ्यातून तपासणारा प्रोग्राम तिचा. पाटणकर तिथले आयटी मॅनेजर. सर्व्हर सांभाळायचं कॉन्ट्रॅक्ट माझं.

त्या सकाळी सर्व्हरची मेमरी भरली, सिस्टिमने तिचे प्रोग्राम बंद पाडले आणि लाइन अर्धी शिफ्ट थांबली.

"एक प्रोसेस चार एमबी घेते, असं तू लिहून दिलंस," पाटणकर तिला म्हणाले. प्रोसेस म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामची एक प्रत. "त्या भरवशावर आपण शेकडो चालवल्या. खोटा रिपोर्ट दिलास."

"सर, सिस्टिमच चार दाखवते. नंतर दुसऱ्या पद्धतीने मोजलं तर एकतीस आले. तेव्हाच मी तुम्हाला मेल केला होता."

"मेल-बिल सांगू नको मला." पाटणकरांनी तिच्या हातात मेमो ठेवला.

मीही तिच्यावरच भडकलो. "अगं, कर्नल खोटं बोलेल का?" कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. कोणी किती मेमरी घेतली, हे तोच सांगतो.

तिने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. तीच प्रोसेस, तोच क्षण. नेहमीचा आकडा चार. मेमरीचं पान न् पान, म्हणजे एकेक छोटा तुकडा, मोजला की एकतीस.

शिकत असताना मी उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात धागे कापायचो. तिथे कारागीर एकेका पँटला शेठला हाक मारत नाही. गठ्ठा पुरा झाला की सांगतो, मग फळ्यावर आकडा चढतो. मध्येच फळा पाहिला तर तो मागेच असणार. कर्नलचंही तसंच. त्या सर्व्हरला चौसष्ट कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे चौसष्ट कारागीर. प्रत्येक कोअर आपली मोजणी जवळ ठेवतो, ठरावीक आकडा झाला की मुख्य मोजणीत टाकतो. कोअर चार असते तर फरक किरकोळ राहिला असता. इथे चौसष्टांकडे मिळून सत्तावीस एमबी अडकले होते, आणि कर्नल फक्त फळा वाचून दाखवत होता.

उपाय साधा. आकडा विचारला की आधी सगळ्या कोअरकडचं मिळवायचं, मग सांगायचं. उत्तराला किंचित वेळ लागतो, इतकंच. नव्या कर्नलमध्ये ही दुरुस्ती झालेली होती. ती शोधली सुजाताने, आमच्या जुन्या कर्नलवर बसवली मी. साप्ताहिक सुट्टीला सर्व्हर रीस्टार्ट केला. आता दोन्ही पद्धतींनी एकतीस.

"छान," पाटणकर म्हणाले. "रिपोर्टमध्ये रूटीन मेंटेनन्स लिहा."

"आणि सुजाताचा मेमो?"

"तो एचआरकडे गेला. तुमच्या कॉन्ट्रॅक्टचं रिन्यूअल पुढच्या महिन्यात ना? बघू की."

"साहेब, घासाघीस करायला मी कधी लाजलो नाही. पण दुसऱ्याची नोकरी माझ्या सौद्यात धरू नका!" आवाज इतका चढला की वॉचमन दारात आला.

रिपोर्टमध्ये मी खरं कारण लिहिलं. सुजाताचा मेल तारखेसकट जोडला. माझं कॉन्ट्रॅक्ट गेलं. ते मी दुसरीकडे मिळवीन. सुजाताला मात्र कायम केलं नाही. कागदावर कारण दिलं, 'खोटी माहिती दिली'.

"दादा, पुढच्या इंटरव्ह्यूला हे पत्र दाखवू की लपवू?" तिने विचारलं.

मशीनचा आकडा दोन वाटांनी तपासावा, हे मी शिकलो. माणसाला खोटं ठरवण्याआधी तर नक्कीच. पाटणकर साहेब, तिचा मेल तुमच्याकडे आधीच आला होता. मग 'खोटी माहिती' कोणाची? ते पत्र मागे घ्या, नाहीतर सही करून उत्तर द्या.