दोरीच्या आतले बूट

नेदरलँड्समधल्या फोरबर्गला आमच्या घरापासून सायकलने दहा मिनिटांवर एका जुन्या श्रीमंती घराचं म्युझियम केलंय. आत शिरताच समोर व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, इंग्लंडहून आणलेला उंच लाकडी स्टँड दिसतो. मधे आरसा, दोन्ही बाजूंना कोट-टोप्यांसाठी पितळी खुंट्या, खाली ओल्या छत्र्यांसाठी पत्र्याचं तसराळं. भोवती दोरी. हात लावायचा नाही.

त्याच्याशेजारी एक वयस्कर डच गृहस्थ राखणीला उभे असतात. त्या खुंट्यांवर आता कुणी काही अडकवत नाही, तरी दर थोड्या वेळाने ते पिवळ्या फडक्याने त्या पुसतात.

मी पहिल्यांदा गेले, तेव्हा बाहेर भुरभुर चालू होती. आतली चकचकीत फरशी पाहिली आणि मी सवयीने दाराशीच बूट काढले.

"अगं, म्युझियम आहे हे, देऊळ नव्हे!" नवरा पुटपुटला.

ओशाळून मी बूट परत घालायला वाकले, तसा त्या गृहस्थांनी हात वर केला.

"असू द्या," ते सावकाश इंग्रजीत म्हणाले. "इथे सगळेजण घर बघायला येतात. घरी आल्यासारखं कुणी येत नाही."

बोलून झाल्यावर ते पुन्हा खुंट्यांकडे वळले. हसले वगैरे मुळीच नाहीत.

मोज्यांवरच सगळं घर पाहून मी परत आले, तर दाराशी बूट नव्हते. ते दोरीच्या आत होते, स्टँडच्या पायाशी, टोकं दाराकडे करून जोडीने ठेवलेले. खाली ते पिवळं फडकं अंथरलं होतं.