झोपलेली लेकरं

चूक माझीच होती. बजाजनगरमधलं एक पाळणाघर आमच्या फाउंडेशनचं अनुदान मागत होतं. पाहणीला गेलो, तेव्हा कामगारांची लेकरं झोपली होती. मावशी पायानं झोळीची दोरी ओढत, हातानं दुसऱ्या लेकराला थोपटत होत्या.

"फोटोसाठी उठवा ना यांना," मी म्हणालो.

"जागी लेकरं दिसली तरच पैसे मिळतेत व्हय, साहेब? नाय उठवायची मी."

त्यांचा हात थांबला नाही. सहकार्य करत नाहीत म्हणून मी अनुदान अडवलं. ज्या झोपेसाठी ते द्यायचं, तीच मोडायला निघालो होतो, हे फार उशिरा कळलं.

अनुदान मंजूर करवून मी पुन्हा गेलो, नेमका दुपारीच. तोंड उघडताच मावशींनी ओठांवर बोट ठेवलं. मग मी शेजारी बसून, कुजबुजत माफी मागितली.