अमावास्येचं तेल आणि ट्रॉलीची चाकं

ट्रॉली उलटी केली आणि चाकावरचं रबर सालीसारखं हातात आलं.

"बघा मॅडम," अण्णा म्हणाले. मुरुम गावातल्या डाळमिलचे ते मालक. "पावसाळ्यात बदललेली चाकं ही. हमाल गाड्या आपटतेत, दुसरं काय. मुकादमाला सांगितलंय, उद्यापासून येऊ नको."

मुकादम शरणप्पा शेजारीच उभे होते. "आमी आपटत न्हाय मालक. चाकच फिरंना, म्हणून जोर लावावा लागतोय."

"तू गप. मॅडम, बिडाची चाकं द्या. पुन्हा मोडायला नकोत."

मी ट्रॉल्यांचे सुटे भाग पुरवते. जागा बघितल्याशिवाय चाक विकत नाही. आधी वजन विचारलं. चार चाकं असली तरी हिशोब तीनचाच धरायचा, कारण उंचसखल फरशीवर एक चाक बहुतेक अधांतरी असतं. त्या हिशोबातही जुनी चाकं पुरेशी होती. म्हणजे ओझ्याचा दोष नव्हता.

मग खाली बघितलं. शहाबादी फरशी. "अण्णा, बीड म्हणजे ओतीव लोखंड. ते घातलं तर चाक टिकेल, फरशी फुटेल."

आपटलेलं चाक एका जागी फुटतं, किंवा त्याला दोन्ही बाजूंनी धरणारा पत्र्याचा काटा वाकतो. इथं काटे सरळ होते. रबर मात्र सगळीकडून फुगलेलं, चिकट. तेल लागलं की रबर असंच होतं. डाळमिलमध्ये तेलाला तोटा नाही. तूर भरडण्याआधी तिला तेल चोळतात. मला वाटलं, सापडलं कारण. पण गोदामातल्या ट्रॉल्या तेलाच्या खोलीकडे कधी जातच नव्हत्या. त्याही उलट्या करायला लावल्या. त्यांचीही चाकं तशीच फुगलेली, आणि प्रत्येकीच्या काट्यावर वाळलेलं कुंकू.

"गाड्यांची पूजा करता का?"

"दर अमावास्येला," अण्णा खुलले. "मी स्वतः करतो. कुंकू लावायचं, लिंबू ठेवायचं, आन् चाकावर करडईचं तेल सोडायचं. घाण्याचं, भेसळीचं न्हाय. वडील बैलगाडीला घालायचे."

"बैलगाडीच्या आसाला तेल लागतंच. ते लाकूड आणि लोखंड. हे रबर आहे. तेल पिऊन फुगतं, मग आतल्या चाकापासून सुटतं. उरलेलं तेल बेअरिंगमध्ये धूळ धरून घट्ट होतं. म्हणून ढकलायला जड."

शरणप्पा छताकडे बघत होते.

"म्हणजे चाकं मीच घालवली म्हणा की."

"तेलानं घालवली."

"वतलं कुणी?"

मी टेप काढून चाकाची उंची आणि वरच्या पट्टीच्या भोकांमधलं अंतर मोजायला लागले. ही दोन मापं चुकली तर कितीही चांगलं चाक बसत नाही. नायलॉनला तेलानं काही होत नाही, पण शहाबादीवर ते फार खडखडतं. म्हणून पीयू सुचवलं. हे एक प्रकारचं टणक प्लास्टिक. रबराइतकं मऊ नाही, फरशी फोडत नाही, आणि तेल पीत नाही. सोबत झाकणबंद बेअरिंग, म्हणजे आत काही शिरायला नको.

अण्णांनी होकार दिला. मग शरणप्पांकडे न बघताच म्हणाले, "उद्या जरा लवकर ये. चाकं बसवायचीत."

"व्हय मालक. आपटत आपटत येतो."

अण्णांना हसू आलं, पण त्यांनी ते उपरण्यात दाबलं.

पुढच्या अमावास्येला सकाळीच त्यांचा फोन आला. "मॅडम, पीयूला करडई चालती का जवस घेऊ?"

"कुठलंही चालतं. थेंबभर पुरे."

चाक देताना वजन आणि फरशी सगळेच विचारतात. पूजेत चाकावर काय पडतं, हेही मी आता विचारते. पीयू महाग पडतं, पण गिऱ्हाइकाच्या देवाशी वाद घालण्यापेक्षा परवडतं.