शांघायकर साहेबांची चिनी नीती

किस्से कुणी मुद्दाम जमवायला जात नाही. आमच्या खोक्यांच्या कारखान्यात रोज झाडलं तरी मशीनखाली पुठ्ठ्याची कात्रणं साचायचीच, तसे ते आपोआप साचतात. फक्त साहेब चांगला लागतो! आणि त्या बाबतीत आम्ही इस्रायलच्या लोद गावातले कामगार नशीबवान. आम्हाला डॉक्टर मिळाला.

डॉक्टर म्हणजे सुई टोचणारा नव्हे, पुस्तकांतला. ज्यू म्हणून जर्मनीतून जीव मुठीत धरून पळाला तो थेट शांघायला पोचला. तिथं आठ-नऊ वर्षं काढली आणि मग इथं आला. येताना एक ट्रंक भरून पुस्तकं आणि डोकं भरून जुन्या चिनी ऋषींची शिकवण घेऊन आला. बासष्ट साली मालकांनी त्याला आमचा मॅनेजर केला. त्याचं हिब्रू कच्चं, आमचं त्याहून कच्चं. त्याचं इंग्रजी शांघायचं, आमचं मुंबईचं. त्यामुळे बोलणं मात्र जमलं.

नाव काय ठेवायचं हा प्रश्न नव्हताच. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. कोकणातल्या ज्या गावचे, त्या गावाला 'कर' लावलं की आमचं आडनाव तयार. बेंजामिनकाका गेटवर बसायचे, त्यांनी पहिल्याच दिवशी साहेबांचं बारसं केलं, "शांघायकर!"

पुढे साहेबांच्या बायकोनंसुद्धा एकदा फोनवर "शांघायकर आहेत का?" असं विचारलं. आता बोला!

*

पहिल्याच आठवड्यात साहेबांनी मशीनं बंद करून सगळ्यांना अंगणात उभं केलं. जूनचं ऊन. साहेब छत्रीखाली, आम्ही नुसते.

"चिनी शहाण्यांच्या मते पुढारी पाण्यासारखा असावा," साहेब म्हणाले. "पाणी कधी उंच जागा मागत नाही. सगळ्यांत खालची जागा घेतं. म्हणून मी माझं वरच्या मजल्यावरचं ऑफिस सोडतोय. उद्यापासून मी खाली, तुमच्यात!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. माझ्या तर डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. मी तेव्हा स्टोअरमध्ये होतो आणि साहेबांवर चटकन विश्वास टाकायची खोड मला मुंबईपासून आहे.

दुसऱ्या दिवशी कळलं, खाली रिकामी खोली एकच. बायकांची डबे खायची. जाड भिंती, बाहेर झाड, कारखान्यातली सगळ्यांत गार जागा. तिथं साहेबांचं टेबल लागलं आणि बायका डबे घेऊन वर गेल्या, तापलेल्या पत्र्याखाली.

कापायच्या मशीनवर आमची सिप्पोरा होती. तेवीस-चोवीस वर्षांची, जीभ पात्यासारखी. घामानं निथळत ती जिना उतरली आणि म्हणाली, "साहेब पाणी झाले, आमची वाफ झाली!"

*

आता मोझेसभाऊंची ओळख करून देतो, कारण पुढचं सगळं त्यांच्याभोवतीच आहे.

मोझेसभाऊ मुंबईच्या गिरणीत अठरा वर्षं जॉबर होते. जॉबर म्हणजे मुकादम, हाताखाली शंभर माणूस. इथं आल्यावर त्यांना खळीच्या पिंपाशी उभं केलं. दिवसभर पुठ्ठे चिकटवायची खळ ढवळायची. तक्रार नाही. पण या माणसाला जगात एकच गोष्ट हवी होती, पुन्हा मुकादमी. पगारासाठी नव्हे हो! घरी रिबेकावहिनी अजून शेजारणींना "आमचे हे जॉबर" असंच सांगायच्या, आणि त्या रोज खोट्या पडताहेत याचं भाऊंना वाईट वाटायचं.

एकदा मोठ्या मशीनचा पट्टा निसटला. सगळं ठप्प. आमचा मुकादम तेव्हा एक म्हातारा रुमानियन होता, तो धावत साहेबांकडे गेला. साहेब डोळे मिटून बसले होते.

"बळजबरी करू नका," डोळे न उघडता साहेब म्हणाले. "खरा शहाणा काहीच करत नाही, आणि तरी काही करायचं बाकी राहत नाही. थांबा."

रुमानियन बाहेर येऊन थांबला. आम्ही थांबलो. मोझेसभाऊंना काही थांबवेना. त्यांनी बाह्या वर केल्या, मशीनखाली शिरले, पट्टा चढवला, दोन शिव्या मराठीत दिल्या आणि पंधराव्या मिनिटाला मशीन धडधडायला लागलं.

साहेब दार उघडून बाहेर आले. चेहरा उजळलेला.

"बघितलंत? मी काहीच केलं नाही!"

"व्हय साहेब," काळे हात पुसत मोझेसभाऊ म्हणाले. "समद्यांनी बघितलं."

*

बासष्टचीच गोष्ट. दिवाळीच्या सुमारास तिकडे चीननं आपल्या हद्दीत फौजा घुसवल्या. आपल्या म्हणजे हिंदुस्थानच्या! इथं येऊन वर्षं झाली तरी 'आपल्या' म्हणायची सवय जाते का? बेंजामिनकाकांचा एक पुतण्या तिकडे पलटणीत होता. काका दिवसभर गेटवर रेडिओला कान लावून बसायचे. दोन वेळा जेवणाचा डबा तसाच परत नेला.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात साहेबांचं व्याख्यान, विषय 'चिनी मन कधी भांडत नाही'! शेवटी साहेबांनी विचारलं, "काही शंका?"

काका उठले. "शंका नाही साहेब. तुम्ही म्हणालात चिनी माणूस पाण्यासारखा, ते पटलं. हिमालयावरून सरळ खाली वाहत आलेच की!"

साहेब गडबडले. "ते आजचे चिनी, काका. मी बोलतोय ते अडीच हजार वर्षांपूर्वीचे."

"मग आजच्यांना कुणीतरी निरोप धाडा," काका म्हणाले आणि रेडिओपाशी जाऊन बसले.

त्या दिवशी कुणी हसलं नाही. खरं सांगायचं तर आम्ही वैतागलोच होतो. इथल्या वरच्या धर्मगुरूंना आधीच प्रश्न पडलेला, ही काळीसावळी माणसं खरोखर ज्यू आहेत का! रोज त्याची चर्चा. दोन हजार वर्षं शनिवारचा शब्बाथ पाळला तो कमी पडला म्हणून की काय, आता वर आम्ही चिनीही व्हायचं!

*

त्रेसष्टमध्ये रुमानियन मुकादम निवृत्त झाला. कारखान्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आता नंबर मोझेसभाऊंचा. रिबेकावहिनींनी तर सणासुदीचं मनुकांचं सरबत बाटलीत भरून ठेवलं होतं.

पण साहेब म्हणाले, "वशिला नाही! प्राचीन चीनमध्ये सगळे अधिकारी परीक्षेतून निवडत. आपणही परीक्षा घेऊ. लेखी!"

तीन उमेदवार. मोझेसभाऊ, एक मोरोक्कोचा ड्रायव्हर आणि साहेबांचा भाचा गिडी. गिडी महिन्यापूर्वीच लागलेला. खोक्याची वरची बाजू कुठली हे त्याला खोक्यावरचा बाण बघून कळायचं.

प्रश्न इंग्रजीत होता, 'चांगल्या मुकादमाचं लक्षण काय?' मोझेसभाऊंनी एकच वाक्य लिहिलं, "सकाळी जेवढी बोटं आत आली, तेवढीच संध्याकाळी बाहेर जातील हे जो बघतो, तो मुकादम."

गिडीनं चार पानं लिहिली. त्यात माणुसकी अकरा वेळा आली आणि सद्गुण नऊ वेळा. सिप्पोरानं मोजलं, कारण पहिल्या नंबराचा पेपर साहेबांनी भिंतीवर लावला होता.

मोझेसभाऊंना शून्य. शेरा असा, 'तत्त्वज्ञानाचा अभाव.'

"पेपर काढला मामानं, तपासला मामानं," सिप्पोरा म्हणाली. "मेल्या भाच्यानं फक्त जन्म घेतला!"

आम्ही हसलो. मोझेसभाऊ हसले नाहीत. ते सरबत पुढे वहिनींनी आम्हा सगळ्यांना पाजलं, वाया नको म्हणून. इतका कडू घोट मी आयुष्यात प्यायलो नसेन.

*

संत्र्यांचा हंगाम आला की ती भरायची खोकी करता करता उसंत नसते. जहाजं थांबत नाहीत. गिडी मुकादम झाल्यावरच्या पहिल्याच हंगामात खोकी कमी पडायला लागली. कापायच्या मशीनच्या पात्यावर एक लोखंडी जाळी असायची. पुठ्ठा सारताना ती दर वेळी वर-खाली करावी लागे, त्यात दोन-दोन सेकंद जात. साहेब एक दिवस मशीनसमोर उभे राहिले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अडथळा काढा. अडथळा काढला की प्रवाह आपोआप वाहतो."

गिडीनं पाना आणला.

मोझेसभाऊ खळीचं पिंप सोडून धावत आले. "साहेब, जाळी काढू नका. गिरणीत मी यापायी माणसं घरी बसलेली बघितलीत."

"यिहिये बेसेदेर!" गिडी म्हणाला. म्हणजे सगळं ठीक होईल. या देशात हे वाक्य ऐकलं की माणसानं दोन पावलं मागे सरावं.

साहेबांनी भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. "ज्याचं त्यानं आपापल्या जागी राहावं, मोझेस. तुमची जागा कुठली?"

भाऊ पिंपाशी परत गेले.

नवव्या दिवशी सिप्पोराच्या उजव्या हाताचं मधलं बोट वरच्या पेरापासून गेलं.

*

ती पट्टी बांधून तिसऱ्या दिवशी कामाला आली. यावंच लागलं. बाप गेलेला, म्हातारी आई आणि दोन धाकट्या बहिणी तिच्या हातांवर. साहेबांनी तिला बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला. स्वतः फार दुःखी दिसत होते, आणि होतेही, असं मला अजून वाटतं.

"श्रेष्ठ माणूस दोष दुसऱ्यात शोधत नाही, स्वतःत शोधतो," साहेब हळू आवाजात म्हणाले. "मी हेच आयुष्यभर शिकलो."

सिप्पोराला वाटलं, साहेब आता माफी मागणार. मीही दाराशी खळीच्या हिशेबाची वही घेऊन उभा होतो, मलाही तसंच वाटलं.

"तेव्हा बाई," साहेब म्हणाले, "तूही शोध."

सिप्पोरानं चहाचा कप खाली ठेवला. "शोधला, साहेब. तुमच्या कारखान्यात आले, तो."

*

आता शेवटचं. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

अपघाताची चौकशी लागली. तेल अवीवच्या इन्स्पेक्टरकडे कारखान्यानं कागद पाठवायचा होता. साहेबांनी तो हिब्रूत टाइप करून घेतला. त्यात म्हटलं होतं, पात्यावर जाळी होती आणि बाईनं निष्काळजीपणानं हात घातला. हा कागद तसाच मान्य झाला तर सिप्पोराची नोकरी जाणार, हे उघड होतं. खाली एका जुन्या कामगाराची साक्षीदार म्हणून सही हवी होती.

साहेबांनी मोझेसभाऊंना बोलावलं. मला हिब्रू वाचता यायचं, म्हणून मलाही. मी कागद भाऊंना मराठीत वाचून दाखवला. खोटं कळत होतं, तरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचून मी कागद टेबलावर ठेवला. मला दोन मुलं होती. ही सबब आहे, मला माहीत आहे.

"गिडीला मी ऑफिसात घेतोय," साहेब म्हणाले. "मुकादमाची जागा रिकामी होईल, मोझेस. परीक्षा नाही. सोमवारपासून तुम्ही."

भाऊ खिडकीशी गेले. खिडकीतून मशीनं दिसत होती, तिकडे बघत राहिले. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला कळत होतं. घरी रिबेकावहिनी होत्या, शेजारणी होत्या, अठरा वर्षांची जॉबरी होती. मला वाटलं, घेतील. घेतली असती तर मी नावं ठेवली नसती.

मग त्यांनी विचारलं, "हा कागद कुठं जाणार, साहेब?"

साहेबांनी ऑफिसचं नाव सांगितलं. भाऊंनी माझ्याकडे एकदा बघितलं. त्या ऑफिसात टपाल फोडायला आमची फ्लोराबाई बसायची, मूळची रेवदंड्याची. मुंबईत मराठी शाळेत मास्तरीण होती.

"सही मी मराठीत करतो. चालंल?"

"अवश्य! सही ज्याची त्याच्या लिपीत."

भाऊंनी पेन घेतलं आणि लिहायला लागले. एक ओळ झाली, दुसरी झाली, तिसरी सुरू केली. साहेब चष्मा सावरून पुढे वाकले.

"एवढी लांब सही?"

"आमच्यात पुरी लिहायची रीत हाय, साहेब. आधी आपलं नाव, मग बापाचं, मग आज्याचं."

साहेबांचा चेहरा एकदम मऊ झाला. "पूर्वज! सहीतसुद्धा पूर्वज! मोझेस, हा तर माझ्या चिनी ऋषींचा पाया आहे. आणि मी म्हणालो होतो, तुमच्याकडे तत्त्वज्ञान नाही!"

मी भाऊंच्या खांद्यावरून वाचलं. शाळकरी, गोल, स्वच्छ अक्षर होतं:

'मी मोझेस लिहून देतो की पात्यावर जाळी नव्हती.
ती मॅनेजर साहेबांनी स्वतः काढायला लावली.
सिप्पोराची काडीची चूक नाही.'

साहेबांनी दुसऱ्या ओळीवर अलगद बोट ठेवलं. "हे वडील?"

"व्हय, साहेब."

"कसे होते?"

"सरळ माणूस," मोझेसभाऊ म्हणाले. "खोटं खपायचं नाय त्यास्नी."

साहेब खुर्चीतून उठले. शांघायच्या रीतीनं एका हाताची मूठ दुसऱ्या हातात धरली आणि त्या ओळीपुढे कमरेत वाकून, डोळे मिटून नमस्कार केला. मग शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, कागदाची घडी केली आणि पाकीट स्वतःच्या जिभेनं चिकटवलं.